हारीचा ड्रेस

काल दुपारी नवीन टी-शर्टचं मानेला टोचणारं लेबल कापायला कात्री शोधत होते, ती सापडली आणि हातात घेतल्याघेतल्या हारी आठवली. तारकोव्हस्कीचा १९७२चा 'सोलारिस' हा सिनेमा ज्यांनी पाहिलाय त्यांना कळलं असेलच. बाकीच्यांसाठी एवढंच सांगते की केल्विन नावाचा मानसशास्त्रज्ञ दूरच्या एका ग्रहावरच्या स्टेशनवर जातो, थकून झोपतो, उठतो तर समोर त्याची बायको, हारी. जी दहा वर्षांपूर्वी विष टोचून घेऊन गेलीये. खाली जो महासागर आहे तो माणसांच्या डोक्यात शिरून तिथलं कुणीतरी उचलतो आणि तसंच्या तसं बनवून पाठवून देतो.

केल्विन घाबरतो आणि घाबरलेला माणूस जे करेल तेच करतो, तिला रॉकेटमध्ये बसवून उडवून लावायचं ठरवतो. त्यासाठी स्पेससूट घालायचा म्हणजे आधी ड्रेस काढायला हवा. मागे नाडी बांधलेली आहे, तो ती सोडवतो आणि आत कापड सलग! ड्रेस उघडायला जागाच नाही. शेवटी कात्री घेऊन कापावा लागतो.

एवढाच सीन. कुणी काही समजावून सांगत नाही. पण मला त्यानंतरची बरीच मिनिटं दुसरं काही दिसलंच नाही. नवऱ्याने तो ड्रेस किती वेळा बघितला असेल, त्याला मागे नाडी आहे हेही लक्षात राहिलं, पण तो उघडतो कसा हे त्याच्या डोक्यात नव्हतंच, त्यामुळे महासागराला तरी कुठून कळणार. बाई परत आली ती जेवढी याला माहीत होती तेवढीच. भुताखेतांच्या कुठल्याही सिनेमाने मला इतकं घाबरवलं नाहीये.

ज्याच्या कादंबरीवर सिनेमा आहे त्या स्तानिस्लाव लेमला हा सिनेमा आवडला नव्हता. त्याला महासागराबद्दल बोलायचं होतं, माणसाच्या बुद्धीपलीकडचं काहीतरी असू शकतं वगैरे, आणि तारकोव्हस्कीने केल्विनचं अपराधीपण आणि घर आणि वडील काढले. २००२मध्ये सोडरबर्गने परत केला, जॉर्ज क्लूनीला घेऊन, तेव्हाही लेमची कुरकुर होतीच, की बाबांनो पुस्तकाचं नाव 'सोलारिस' आहे, 'अंतराळातलं प्रेम' नाही. लेमचं बरोबरच आहे. पण मला महासागराचं काय करायचंय, मी हारीसाठी बघते.

आता सिनेमा स्लो असण्याबद्दल. 'सोलारिस' पावणेतीन तासांचा आहे आणि त्यात जवळजवळ पाच मिनिटं एक गाडी नुसती हायवेवरून चाललीये, बोगदे, पूल, परत बोगदे, टोकियोत शूट केलेलं, संवाद नाही काही नाही. लोक हे दीडच्या स्पीडने बघतात. मला याचा विलक्षण राग येतो. कुणी काय बघावं हा ज्याचा त्याचा प्रश्न वगैरे मान्य आहे, पण दुःखाचा सिनेमा स्पीड वाढवून बघणारा माणूस मला मनातून उतरतो, इलाज नाही. दहा सेकंद पुढे नेणारं ते गोल बाणाचं बटण ज्याने बनवलं त्याच्या घरचं कुणी कधी गेलं नसावं असं मला नेहमी वाटतं. कुणी गेल्यावर दिवस असेच जातात ना, बोगदा, पूल, बोगदा, आणि मध्येच लक्षात येतं की आपण मघापासून भिंतीकडे बघतोय. (हायवेच्या त्या सीनला मीही एकदा पाणी प्यायला उठलेय, पण ते वेगळं.)

आणि स्लो म्हणजे लांबच असतं असंही नाही. क्रिस मार्करचा १९६२चा 'ला जेते' अर्ध्या तासाचाही नाही, सगळा स्थिर फोटोंचा. एका माणसाच्या डोक्यात लहानपणी विमानतळावर पाहिलेला एका बाईचा चेहरा अडकून बसलाय, आणि त्या चेहऱ्याच्या जोरावर त्याला भूतकाळात पाठवतात. फोटो, फोटो, फोटो, आणि मध्येच एका ठिकाणी अंथरुणात पडलेली ती बाई डोळे उघडते. खरोखर हलून. एवढा एकच तुकडा हलतो अख्ख्या सिनेमात. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला भास झाला असं वाटून मागे नेऊन परत पाहिलं. मागे न्यायचं बटण मला चालतं.

लहानपणी आमच्याकडे एक टेपरेकॉर्डर होता, लाल बटण दाबलं की रेकॉर्ड होणारा. सुट्टीत आम्ही सगळी भावंडं मिळेल त्याचा आवाज पकडत फिरायचो. आत्या एकदा झोपाळलेली पुस्तक वाचत पडली होती, आम्ही गुपचूप तिच्या उशाशी नेऊन ठेवला आणि लाल बटण दाबलं. बराच वेळ नुसती खरखर, मग पान उलटल्याचा आवाज, मग आमच्यातलं कुणीतरी फिसकन हसतं, आणि मग आत्या, "अगं बंद करा ते, उगाच सेल जातात." खट्.

आत्याचा आवाज म्हणजे आता एवढाच. तिने आम्हाला अख्ख्या गोष्टी सांगितल्या, रागावली, गाणी म्हटली, ते काहीच कुठे नाही. सोलारिसच्या महासागराने ती कॅसेट उचलली तर जी आत्या बनून येईल ती दिवसभर सेल वाचवत फिरेल. आणि कॅसेट सोडून माझ्या डोक्यातून उचलली तर? मला तिचे हात आठवतात, चष्मा आठवतो, पण चष्म्याशिवायचा चेहरा काही केल्या येत नाही. म्हणजे चष्मा न निघणारी आत्या.

'ब्लॅक मिरर' या मालिकेतला २०१३चा 'बी राइट बॅक' नावाचा भाग आहे, त्यात गेलेल्या जोडीदाराने ऑनलाइन जे जे लिहिलं, टाकलं, त्यावरून कंपनी त्याची प्रतिकृती बनवून घरपोच पाठवते. तिथेही तीच गोची. त्याने जे जगाला दाखवलं तेवढाच तो येतो, चुरचुरीत, गोड, आणि तिला हवा असतो तो तिच्याशी भांडणारा. कोगोनाडाच्या 'आफ्टर यांग'मध्ये उलटं आहे, ते मला जास्त आवडलं. तिथे घरातला रोबो बंद पडतो आणि कळतं की तो रोजचे काही सेकंद स्वतःपाशी साठवत होता. बाप बसून ते सेकंद बघत राहतो. आपण कुणाची तरी आठवण काढत बसावं आणि कळावं की तोच आपली काढत होता, असं काहीतरी. नीट सांगता येत नाहीये, जाऊ दे.

हारीचं पुढे काय होतं ते मात्र सांगायलाच हवं. रॉकेटमधली जाते, पण महासागर परत तशीच एक पाठवतो, आणि ही हळूहळू केल्विनच्या आठवणीबाहेर जायला लागते. सुरुवातीला त्याच्यावाचून क्षणभर एकटी राहू शकत नसते, बंद दरवाजा फाडून बाहेर येते, रक्तबंबाळ होते, जखमा आपोआप भरतात. मग विचार करायला लागते, मी ती नाहीच ना, मग मी कोण. आणि एकदा एवढं कळल्यावर ती त्याला न सांगता स्वतःचं स्वतः ठरवून जाते. खरी हारीही अशीच गेली होती. ही जाताना एक चिठ्ठी ठेवून जाते.

सिनेमाच्या शेवटी केल्विन वडिलांच्या घरी येतो. तेच तळं, तेच झाड, तोच कुत्रा. खिडकीतून बघतो तर पाऊस घराच्या आत पडतोय. वडिलांच्या पाठीवर पाणी ओततंय, वाफा येताहेत आणि त्यांना पत्ताच नाही. मग कॅमेरा वर वर जातो आणि दिसतं की ते घर म्हणजे महासागरातलं एक बेट आहे. घर आठवताना केल्विनला त्याबरोबर पाऊसही आठवत असणार, सुरुवातीला तो पावसात भिजत असतोच, पण आत कुठलं आणि बाहेर कुठलं ते महासागराला जमलं नाही. ड्रेससारखंच. आणि केल्विन तरीही वडिलांपुढे गुडघे टेकतो.

परवा आतेभावाचा फोन होता. ती कॅसेट त्यानेच नंतर डिजिटल करून घेतली, फोनमध्ये ठेवलीये. बोलता बोलता सोलारिसचा विषय निघाला तर म्हणाला, मी अर्धा बघून सोडला गं, बायको परत येते तिथपर्यंत पाहिला, पुढे नको वाटलं. मग थोडं थांबून म्हणाला, शेवटी तो माणूस घरी पोचतो का गं?

मी म्हटलं, हो, पोचतो की.