कोट्टूरच्या पुढचा रस्ता आणि वालुमाशा

सोलापूरहून वालुमाशा (रक्त पिणाऱ्या बारीक माशा) गोळा करण्यासाठी केरळातील अगस्त्यमलाईच्या जंगलात जाणार असाल, तर जंगलाच्या तोंडाशी असलेल्या कोट्टूर गावाच्या पुढच्या जीपचे भाडे, परतीच्या फेरीसह, गाडीत पाऊल ठेवण्यापूर्वी ठरवून घ्या. आम्ही प्राणिशास्त्राचे दोन शिक्षक आणि एक विद्यार्थिनी फोनवरच्या शब्दावर विसंबलो होतो. अर्ध्या तासाचा रस्ता आणि पंधराशे रुपये, असे सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात दगडधोंड्यांतून अडीच तास हाडे खिळखिळी झाली, आणि वस्तीवर सामान उतरवल्यावर चार हजारांची मागणी झाली. त्याच धक्क्यांत प्रकाश-सापळ्याच्या, म्हणजे दिव्याने माशा ओढून पकडणाऱ्या यंत्राच्या, बॅटरीची तार तुटली. सामान कमी असेल तर सरळ चालत जावे. चढ आहे, पण तो पायांना तरी फसवत नाही.

त्या बाजूच्या काणी आदिवासींच्या वस्त्यांमध्ये त्वचेचा लेश्मानियासिस, म्हणजे वालुमाशीच्या चाव्यातून लेश्मानिया या परजीवीमुळे होणारा रोग, आढळलेला आहे, म्हणून आम्ही तेथे गेलो. बिहारमधील काळा आजार ज्या लेश्मानिया डोनोव्हानीमुळे होतो, तोच परजीवी येथे त्वचेवर व्रण उठवतो, आणि तिकडे तो पसरवणाऱ्या वालुमाशीवरच येथेही संशय आहे: फ्लेबोटोमस अर्जेंटिपेस. जगात लेश्मानिया पसरवणाऱ्या वालुमाशांच्या जाती ९० हून अधिक असल्या, तरी भारतात काळ्या आजाराचा भार या एकाच जातीवर आहे. तिच्या चाव्यातून माणसाला रोग होतो, हे १९४२ मध्ये स्वामीनाथ, शॉर्ट आणि अँडरसन यांनी स्वयंसेवकांवर सिद्ध केले. त्याआधी प्रयोगशाळेतील माशांना रक्तानंतर बेदाणे चारल्यावर त्यांच्यात परजीवी भरघोस वाढतात असे आढळले होते. पंढरपूरच्या बेदाण्यांशेजारी राहणाऱ्या आम्हाला ही गोष्ट फारच आवडली.

आमची खरी चूक मच्छरदाणीची. सोलापूरच्या बाजारातून नेहमीची जाळी घेतली होती. दोन-तीन मिलिमीटरची वालुमाशी तीतून बिनदिक्कत आत शिरते. पहिल्या रात्री तिघांचेही घोटे सुजले. अतिशय बारीक विणीचीच जाळी न्यावी. आत कोंडून उकडते, पण पर्याय नाही. ही माशी कमजोर उडते, टुणटुण उड्या मारल्यासारखी जमिनीलगत फिरते, त्यामुळे घोटे झाकणारे मोजे संध्याकाळपासूनच घालावेत. पंखा चालू असेल तर तिला त्या वाऱ्यात उडणे जमत नाही. वस्तीत वीज असेलच, असे मात्र गृहीत धरू नये.

प्रकाश-सापळा बंद पडल्यामुळे माशा चिकटाव्यात म्हणून एरंडेल तेल लावलेल्या कागदांनी आमची लाज राखली. कागद घनदाट झाडीत लावू नका. आम्ही पहिले दोन दिवस तेथेच वाया घालवले. मातीच्या भिंतींच्या भेगा, गोठ्यालगतची ओल, वारुळे, जुन्या वृक्षांच्या मुळांतील खोबणी, ही तिची ठिकाणे आहेत. अळ्याही पाण्यात नव्हे, कुजक्या दमट मातीत वाढतात. आम्हाला मिळालेल्यांपैकी बहुतेक सर्जेंटोमिया या वालुमाशांच्याच दुसऱ्या प्रजातीच्या निघाल्या, अर्जेंटिपेस मोजक्याच. हे तेथे कळलेच नाही, कारण मादीची जात निश्चित करण्यासाठी सूक्ष्मदर्शकाखाली स्लाइडवर तिचा शुक्रकोश (शुक्राणू साठवणारी पिशवी) आणि घशातील दातेरी रचना पाहावी लागते. त्यामुळे नमुने ७० टक्के अल्कोहोलमध्ये नीट चिठ्ठ्या लावून आणा. चिठ्ठी शाईने लिहू नका, पेन्सिलीने लिहा.

वनखात्याची परवानगी आधीच हातात हवी. पुणे–कन्याकुमारी गाडी सोलापूरवरूनच जाते, त्यामुळे प्रवासाचा तो भाग कंटाळवाणा पण सोपा आहे. परतल्यावर एखादा न दुखणारा व्रण आठवडे उलटूनही भरला नाही, तर डॉक्टरांना आपण कोठे झोपलो होतो ते आवर्जून सांगा. माझ्या सहकाऱ्याच्या घोट्यावर एक लाल गाठ अजून आहे, आणि आम्ही दर रविवारी तिची पट्टीने मोजणी करतो.