आडवे ठेवलेले इंजिन

देवगड भागात आंब्याचा हंगाम संपत आला, की फवारणीच्या पंपांची पेट्रोल इंजिने पावसाळ्यासाठी आवरून ठेवायला माझ्याकडे येऊ लागतात. गेल्या मे महिन्यात ओळखीचे एक बागायतदार असेच इंजिन व्हॅनमधून घेऊन आले आणि उतरता उतरता म्हणाले, "मिस्त्री, डोकं फार जड झालंय." मी मागचे दार उघडले आणि पेट्रोलचा असा भपकारा आला, की क्षणभर मीच मागे सरकलो. काचा बंद, इंजिन आडवे आणि त्याच्याखालचे गोणपाट चिंब भिजलेले. पंधरा-वीस पावलांवर शेजाऱ्याकडे फाटकाचे वेल्डिंग चालू होते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पटींनी जड असते आणि जमिनीलगत दूरवर पसरते, हे ठाऊक असल्याने मी आधी ओरडून वेल्डिंग थांबवले. बागायतदार काकांना व्हॅनची चावीही फिरवू दिली नाही. चौघांनी गाडी ढकलत मोकळ्या मैदानात नेली आणि सगळी दारे उघडून वास पूर्ण जाईपर्यंत तिच्यापासून दूर थांबलो.

टाकी जवळजवळ भरलेली होती आणि पेट्रोलचा कॉक उघडाच होता. इंजिन आडवे झाले, की कार्बोरेटरमधला फ्लोट, म्हणजे पेट्रोलवर तरंगून त्याची वाट बंद करणारा भाग, पेट्रोल अडवू शकत नाही. शिवाय टाकीच्या झाकणाला हवेसाठी छिद्र असते, तिथूनही ते झिरपते. उरलेले पेट्रोल घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये काढून, इंजिन पुसून मी दोरी ओढली, तर ती जागची हलेना. प्लग काढून पुन्हा ओढली तेव्हा भोकातून काळे ऑइल उसळले. फोर स्ट्रोक इंजिनातले तळाचे ऑइल सिलिंडरमध्ये शिरले होते. जोर लावून दोरी ओढत राहिलो असतो, तर पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकण्याची भीती होती, कारण ऑइल हवेसारखे दाबले जात नाही.

पुढचे काम नेहमीचेच होते: एअर फिल्टर आणि ऑइल बदलले, कार्बोरेटरची वाटी रिकामी केली, सिलिंडरमध्ये चमचाभर नवे ऑइल सोडून प्लग लावला आणि दाब जाणवेपर्यंत दोरी हळूहळू ओढून सोडली, कारण त्या स्थितीत दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असतात आणि पावसाळी दमट हवा आत जात नाही.

इंजिन घरी कुठे ठेवता, असे मी सहज विचारले. काका म्हणाले, "न्हाणीच्या भिंतीला लागून. पेट्रोलचा कॅनही तिथंच असतो." भिंतीपलीकडे पाणी तापवायची चूल होती. मी त्यांना तिथूनच घरी फोन करायला लावला आणि कॅन अंगणापलीकडच्या खोपीत हलवल्याचे त्यांच्या मुलाने कळवल्यावरच रिकामे इंजिन उभे बांधून उघड्या टेम्पोत चढवले.