मीठ, पाणी आणि आकड्यातला शेवटचा अंक

अकरावीच्या रसायनशास्त्राचा पहिला धडा बहुतेक मुलं दोन दिवसांत उरकतात. द्रव्याचं वर्गीकरण, एककं, सार्थ अंक (म्हणजे मापावरून खरोखर विश्वास ठेवता येईल असे अंक), मोल (कणांची संख्या मोजायचं एकक). मग वर्षभर प्रॅक्टिकलला चुका होतात त्या याच धड्यातल्या. हा अख्खा धडा एकट्या मिठावर शिकता येतो असं माझं ठाम मत आहे, आणि ठाण्यात राहणाऱ्यांना तर मीठ परकं नाही. कोपरीतल्या मीठबंदर रोडच्या नावातच ते आहे, आणि मुलुंड-भांडुपच्या बाजूला खाडीलगत मिठागरांच्या जमिनी आहेत.

वर्गीकरण आधी संपवून टाकू, कारण त्यात फार अडण्यासारखं काही नाही. खाडीचं गढूळ पाणी हे विषमांगी, म्हणजे सगळीकडे सारखं नसलेलं मिश्रण. गाळ बसू दिला आणि वरचं पाणी गाळून घेतलं की उरतं ते समांगी, सगळीकडे सारखं मिश्रण, म्हणजे द्रावण. त्यातलं सोडिअम क्लोराईड हे संयुग; सोडिअम आणि क्लोरीन ही मूलद्रव्यं. मिश्रणाचे घटक वेगळे करायला गाळणं, आटवणं पुरतं. संयुग फोडायला रासायनिक क्रियाच लागते. मीठ थंड करून का काढत नाहीत, याचं उत्तर मात्र लक्षात ठेवावं. १०० ग्रॅम पाण्यात २५ अंश सेल्सिअसला सुमारे ३५.९ ग्रॅम मीठ विरघळतं आणि उकळत्या पाण्यातही जेमतेम ३९ ग्रॅम. तापमानाने इतका कमी फरक पडत असेल तर गार करून हाती काय लागणार? म्हणून मिठागरात ऊन आणि वारा यांच्यावरच भिस्त असते.

मिठागरात पाण्याचा दाटपणा बोमे अंशांत मोजतात; हे अंश तापमानाचे नव्हेत, घनतेवरून काढलेले. समुद्राचं पाणी साधारण ३.५ अंश असतं आणि मिठाचे स्फटिक २५ अंशांच्या आसपास धरू लागतात. जिप्सम (कॅल्शिअम सल्फेट) त्याच्या बरंच आधी खाली बसतं, त्यामुळे पाणी योग्य अंशाला पुढच्या खणात सोडलं तरच मीठ स्वच्छ मिळतं. पाण्यापेक्षा जड द्रवांसाठी सूत्र सोपं आहे: १४५ मधून (१४५ भागिले घनता, ग्रॅम प्रति मिलीलिटरमध्ये) वजा करा. घनता १.०२५ घातली की ३.५ मिळतात. म्हणजे इथे सगळा व्यवहार घनतेवर चालतो, आणि खरी मापनाची परीक्षा घनतेतच होते.

घरी करायचं तर ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा डिजिटल काटा घ्या. आधी तो तपासा. २० रुपयांच्या नव्या नाण्याचं ठरलेलं वजन ८.५४ ग्रॅम आहे. ते ठेवून बघा. काटा प्रत्यक्षात वस्तुमान मोजत नाही, वस्तू किती जोराने खाली दाबते ते मोजतो आणि आकडा ग्रॅममध्ये दाखवतो. गुरुत्वत्वरण, म्हणजे पृथ्वीच्या ओढीचं माप, दिल्लीत ९.७९१ आणि आपल्याकडे ९.७८६ मीटर प्रति सेकंद वर्ग आहे. दिल्लीत जुळवलेल्या काट्यावर इथे १०० ग्रॅम ठेवले तर सुमारे ०.०५ ग्रॅम कमी दिसतील, आणि हा फरक तुमच्या काट्याला कळतो. वस्तुमान आणि वजन यांतला भेद केवळ व्याख्या पाठ करण्यापुरता नाही, तो असा काट्यावर दिसतो. काटा पंख्याखाली ठेवू नका.

आता मीठ. जुलैत ठाण्यात उघड्या बरणीतलं मीठ ओलं होतं, कारण हवेची सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांवर गेली की सोडिअम क्लोराईड हवेतलं पाणी ओढतं. त्यात मॅग्नेशिअम क्लोराईडचा अंश असेल तर बऱ्याच कमी आर्द्रतेलाही ओढतं. अशा मिठाचे तुम्ही ३६.०० ग्रॅम मोजले, तर त्यात पाणी किती हे तुम्हाला ठाऊक नाही, आणि दशांशानंतरचे दोन्ही अंक निरर्थक ठरतात. मीठ कोरड्या तव्यावर परतून घ्या, घट्ट झाकणाच्या डब्यात पूर्ण गार होऊ द्या, मगच तोला. गरम असताना तोललं तर वर चढणाऱ्या हवेमुळे काटा कमी दाखवतो.

१०० ग्रॅम पाण्यात ४० ग्रॅम मीठ घालून ढवळा आणि रात्रभर झाकून ठेवा. तळाशी मीठ उरलं पाहिजे. तीच द्रावण संपृक्त झाल्याची, म्हणजे त्यात आणखी मीठ विरघळणार नसल्याची खूण. विरघळताना पाणी दोन-चार अंश गार होतं, म्हणून लगेच मोजायची घाई नको. बाजारच्या मिठात गुठळ्या होऊ नयेत म्हणून घातलेल्या पदार्थामुळे द्रावण धुरकट दिसतं. ते गाळणकागदातून गाळून घ्या.

इथे एक हिशेब करून बघण्यासारखा आहे. मिठाच्या स्फटिकाची घनता २.१६५, म्हणजे ३६ ग्रॅम मिठाचं आकारमान १६.६ मिलीलिटर. १०० मिलीलिटर पाण्यात ते विरघळवलं की ११६.६ मिलीलिटर व्हायला हवेत, पण होतात सुमारे ११३. वस्तुमान मात्र चोख १३६ ग्रॅम भरतं. वस्तुमानांची बेरीज होते, आकारमानांची होईलच असं नाही. वाटी-चमच्याने मीठ मोजणं याहून वाईट, कारण चमच्यात मिठाबरोबर दाण्यांमधली हवाही येते.

घनता काढायला मुलं सरळ मोजपात्र उचलतात. ५० मिलीलिटरच्या, एकेका मिलीलिटरच्या रेघा असलेल्या पात्रात द्रावण ५० वर आलं आणि काट्याने ६०.१४ ग्रॅम दाखवले. कॅल्क्युलेटर १.२०२८ म्हणतो आणि वहीत तसंच उतरतं. पण त्या पात्रात अर्ध्या मिलीलिटरची चूक सहज होते, म्हणजे शेकडा १. तेव्हा लिहायचं फक्त १.२०, आणि तेही ०.०१ इकडे किंवा तिकडे. ही घासाघीस वाटेल, पण १.१९ म्हणजे बोमे २३.२ आणि १.२१ म्हणजे २५.२. मीठ धरायला वेळ आहे की ते धरायला लागलंय, एवढंही हे मोजपात्र सांगू शकत नाही. वाचताना डोळा पातळीच्या वर असेल तर मोजपात्रात आकडा जास्त येतो. ब्युरेटमध्ये (खाली तोटी असलेल्या मोजनळीत) आकडे वरून खाली वाढतात, म्हणून तिथे कमी येतो. काचेत द्रवाच्या वक्र पृष्ठभागाचा तळ वाचा. प्लॅस्टिकच्या पात्रात पातळी जवळपास सपाटच दिसते.

यापेक्षा चांगली रीत म्हणजे आकारमान मोजायचंच नाही. काचेच्या बुचाची छोटी बाटली घ्या, अत्तराचीही चालेल. रिकामी तोला, समजा ४१.३६ ग्रॅम. काठोकाठ पाणी भरा, बूच लावून बाहेर आलेलं पुसा, तोला: ६६.२८. पाणी झालं २४.९२ ग्रॅम. पाण्याचं तापमान २७ अंश असेल तर त्याची घनता ०.९९६५, म्हणून बाटलीचं आकारमान २५.०१ मिलीलिटर. बाटली कोरडी करून द्रावण भरा: ७१.३३, म्हणजे द्रावण २९.९७ ग्रॅम. भागाकार १.१९८. हे चारही अंक हक्काचे आहेत. बोमे येतो २४.०, कारण हे जवळपास निव्वळ सोडिअम क्लोराईड आहे. खाडीच्या पाण्यात मॅग्नेशिअमचे क्षार असल्याने तिथे अंश थोडा जास्त येतो. बुचाखाली बुडबुडा अडकला तर मात्र सगळं बिघडतं. बाटली तिरकी धरून बूच सरकवत लावा, आणि भरलेली बाटली तळव्यात धरू नका. हाताच्या उबेने द्रव फुगतो आणि बाहेर येतो.

तापमान इथे का घुसलं? पाण्याची घनता २० अंशांना ०.९९८२, ३० ला ०.९९५७ आणि ३५ ला ०.९९४०. मे महिन्यात ठाण्यातल्या खोलीत घनता १ धरली तर अर्ध्या टक्क्याहून जास्त चूक आधीच झाली. कॉलेजच्या फ्लास्कवर आणि पिपेटवर २७ अंश छापलेलं दिसेल. भारतीय मानकांत काचसामानासाठी तेच तापमान धरलं आहे. परदेशी सामानावर बहुधा २० असतं. कुठलं वापरताय ते बघा.

मोलॅरिटी (एक लिटर द्रावणात किती मोल) आणि मोलॅलिटी (एक किलो पाण्यात किती मोल) यांतला फरकही इथेच कळतो. एक मोल मीठ म्हणजे ५८.४४ ग्रॅम, म्हणून ३५.९ ग्रॅम भागिले ५८.४४ म्हणजे ०.६१४ मोल. १०० ग्रॅम पाण्यात तेवढं मीठ, म्हणून मोलॅलिटी ६.१४, आणि झाकलेली बाटली उन्हात ठेवली तरी ६.१४च. मोलॅरिटी साधारण ५.४, पण ती द्रावणाच्या आकारमानावर काढलेली असल्याने तापमान वाढलं की घटते. म्हणून बाटलीवर चिठ्ठी लावताना मोलॅरिटी लिहिलीत तर शेजारी तापमान आणि तारीखही लिहा.