आमची वाटचाल: आधी काटा, मग गाडी

आमचं वर्कशॉप मुळात फर्निचरचं. कपाटं, ओटे, दुकानांची काउंटरं ही माझी कामं, आणि धाकटा भाऊ वायरिंगची कामं घ्यायचा. एक दिवस ओळखीच्या एका गृहस्थांनी त्यांची मालवाहू व्हॅन दारात आणून उभी केली आणि म्हणाले, "मागे झोपता येईल, दोन घास शिजवता येतील, असं काहीतरी करून द्या." आम्ही दोघांनी आत शिरून टेप लावला आणि हो म्हणून टाकलं. लाकूड मला कळत होतं, वीज भावाला कळत होती. चाकांवरच्या घराचं गणित वेगळं असतं हे दोघांनाही कळायचं होतं.

पहिल्या तीन गाड्या देखण्या झाल्या. घरात वापरतो तोच जाड प्लाय, वर सनमायका, भक्कम बिजागऱ्या, ड्रॉवर असे की वर उभं राहावं. लोक येऊन बघायचे, हात फिरवायचे, आम्हालाही अभिमान वाटायचा. चौथी गाडी चौघांच्या कुटुंबाची होती. पहिल्या सहलीहून परत आल्यावर त्या घरचे दादा म्हणाले, "गाडी मागून बसलीय असं वाटतं, आणि वेगात असताना स्टिअरिंग हलकं लागतं." मी स्प्रिंगच्या पाट्यांकडे बघितलं, टायरची हवा बघितली. भावाने वेगळाच विचार केला. तो म्हणाला, सहलीला निघता तशीच गाडी भरा, सगळे बसा, आपण वजनकाट्यावर जाऊ.

गाडीच्या पाटीवर कमाल वजन 3,500 किलो. काट्याची चिठ्ठी आली 3,640 ची. ती चिठ्ठी आजही माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे.

घरी येऊन हिशेब मांडला. आमचं काम झाल्यावर रिकामी गाडी 3,010 किलो होती, म्हणजे माणसांना आणि सामानाला मिळून 490 उरत होते. आईवडील आणि दोन मोठी मुलं मिळून 250. पाण्याची टाकी 120 लिटरची, आणि लिटरला एक किलो हे तर शाळेतलंच गणित, म्हणजे 120. राहिले 120. त्यात गॅसच्या टाक्या, बाजूला उघडायची कनात, चार खुर्च्या, टेबल, दोन सायकली, अंथरुणं, कपडे, भांडी. यातली एकही गोष्ट उधळपट्टीची नव्हती. त्या कुटुंबाचं काहीच चुकलं नव्हतं. चूक आमची होती. त्यांचं सामान बसेल एवढं वजन आम्ही त्यांच्यासाठी शिल्लकच ठेवलं नव्हतं.

स्टिअरिंग हलकं का लागत होतं, तेही त्याच दिवशी उमगलं. सायकलींचा स्टँड मागच्या दाराला, पाण्याची टाकी मागच्या चाकांच्याही मागे. मागच्या ऍक्सलच्या, म्हणजे चाकांच्या आसाच्या, मागे टांगलेलं वजन तराजूच्या दांडीसारखं काम करतं. दोन ऍक्सलमधलं अंतर 4 मीटर असेल आणि मागच्या ऍक्सलपासून दीड मीटर मागे 100 किलो लटकवले, तर मागच्या चाकांवर 100 नाही, जवळजवळ 138 किलो येतात आणि पुढच्या चाकांवरचे 38 उचलले जातात. वळवायचं काम पुढची चाकं करतात, ब्रेकचा मोठा भारही तीच घेतात. आम्ही ती टाकी काढून दोन ऍक्सलच्या मध्ये बसवली, अर्धं फर्निचर उतरवून हलकं केलं आणि त्याचे पैसे घेतले नाहीत.

तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे. गाडी रिकामी असताना काट्यावर, अर्धं काम झाल्यावर काट्यावर, पूर्ण झाल्यावर काट्यावर, आणि दर वेळी पुढचा आणि मागचा ऍक्सल वेगवेगळा तोलायचा. लाकूडही बदललं. आठ बाय चारची 18 मिलिमीटर बर्च प्लायची शीट 35 किलोच्या आसपास भरते, तर 15 मिलिमीटरची पॉप्लरची 20 च्या आसपास. एका गाडीत अशा आठ-दहा शीट जातात, मग फरक किती पडतो ते दिसतंच. तयार मोटरहोम (इंजिनासकट चालणारं घर) किंवा कॅरॅव्हॅन (मोटारीमागे जोडून ओढायचं घर) विकत घेणाऱ्यालाही मी हेच सांगतो. पलंग किती रुंद आणि फ्रिज किती लिटरचा हे नंतर विचारा. आधी विचारा की सगळ्या जोडण्या बसवल्यावर गाडीचं रिकामं वजन किती आणि मला भरायला किती किलो उरतात. माहितीपत्रकातलं रिकामं वजन बऱ्याचदा साध्या मॉडेलचं असतं. कनात, जादा बॅटरी, सोलर पॅनेल, मागे काही ओढायचा टो-हुक हे सगळं नंतर चढतं आणि तुमच्याच वाट्यातून जातं.

धंदा खरा वळला तो बायको हिशेब बघायला वर्कशॉपमध्ये येऊ लागली तेव्हा. येणारा प्रत्येक जण मोबाइलमधले फोटो दाखवून सुरुवात करायचा आणि मी लगेच मापं घ्यायला धावायचो. तिने एक वही सुरू केली. गाडीविषयी बोलायच्या आधी ती तीनच गोष्टी विचारते. वर्षातून किती रात्री बाहेर काढणार? एका ठिकाणी किती दिवस थांबणार? आणि रात्री जिथे थांबणार तिथे वीज-पाणी मिळणार का? या तीन उत्तरांवर निम्मी निवड होऊन जाते. उरलेली निम्मी गाडी चालवणार कोण, यावर.

रोज गाव बदलणाऱ्याला कॅम्पर व्हॅन बरी. साध्या गाडीसारखी चालते, अरुंद रस्त्यात शिरते, सकाळी दार ओढलं की निघाली. पण आत दोघांनी एकाच वेळी उभं राहून कपडे बदलायचे म्हटलं तर एकाने पलंगावर पाय वर घेऊन बसावं लागतं. एकाच जागी आठवडा-आठवडा मुक्काम करणाऱ्याला मागे जोडायची कॅरॅव्हॅन सोयीची, कारण ती तिथे सोडून मोटार घेऊन फिरता येतं. तिला इंजिन नाही, म्हणून देखभालीचा एक मोठा भाग वाचतो. मात्र ती ओढणं हे वेगळं कौशल्य आहे. ओढणाऱ्या गाडीची क्षमता आधी बघावी लागते, हुकवर नेमका भार यावा लागतो, जड सामान ऍक्सलच्या आसपास खाली ठेवावं लागतं. मागच्या टोकाला वजन गेलं की कॅरॅव्हॅन वेगात डुलायला लागते, आणि डुलायला लागली की घाबरून जोरात ब्रेक मारायचा नसतो, ऍक्सिलरेटरवरून पाय हलकेच उचलायचा असतो. ब्रिटनमध्ये नवख्यांना सांगतात की भरलेल्या कॅरॅव्हॅनचं वजन ओढणाऱ्या गाडीच्या रिकाम्या वजनाच्या 85 टक्क्यांपेक्षा जास्त नको. मला हा आकडा फार शहाणपणाचा वाटतो.

मोठं मोटरहोम लांबच्या, महिनोन्महिन्यांच्या प्रवासाला. त्यात एक गोष्ट लोक हमखास विसरतात. झोपायची जागा सहा जणांची असते आणि सीटबेल्ट असलेल्या बैठका चारच. तिथे सहाचं कुटुंब प्रवास करू शकत नाही, मग सहावा पलंग काय कामाचा? जाहिरातीत पलंग मोजलेले असतात, तुम्ही बेल्ट मोजा. लायसन्सचंही तेच. युरोपात मोटारीच्या साध्या लायसन्सवर अनेक वर्षं 3,500 किलोपर्यंतचीच गाडी चालवता येत आलीय. प्रत्येक देशात मर्यादा वेगळी असते, ती बयाणा देण्याआधी तपासावी.

विजेचा विषय भावाचा, आणि तो यात कुणाचंही ऐकत नाही. लोक येतात आणि म्हणतात, आम्हाला गॅस नको, इंडक्शन हवं, एसी हवा, आणि मुक्काम रानात. मग तो पाटीवर खडूने लिहितो. 12 व्होल्टची 100 अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे साधारण 1,200 वॉट-अवर. साधी लेड-ऍसिड असेल तर तिच्यातली निम्मीच वापरायची, नाहीतर ती लवकर मरते. लिथियम आयर्न फॉस्फेटची असेल तर 80-90 टक्के वापरता येते, मात्र शून्याखालच्या थंडीत ती चार्ज करायची नाही. इंडक्शन 2,000 वॉटवर अर्धा तास चालवलं की 1,000 वॉट-अवर गेले, एका जेवणात बॅटरी रिकामी. कॉम्प्रेसरवाला छोटा फ्रिज मात्र दिवसाला साधारण 400 ते 600 खातो, दिवे आणि पंखे त्याहून कितीतरी कमी. म्हणजे दोघांच्या साध्या गरजा एका चांगल्या बॅटरीवर आणि टपावरच्या पॅनेलवर छान भागतात. छोटा फ्रिज सोडला तर उष्णता किंवा थंडावा तयार करणारी कुठलीही वस्तू आली की हिशेब कोलमडतो. आणि पॅनेल सावलीत फारसं काम करत नाही. गारव्यासाठी गाडी झाडाखाली लावायची आणि वीजही भरपूर हवी, या दोन इच्छा एकत्र नांदत नाहीत.

गॅस घेतला तर तो हवेपेक्षा जड असतो हे लक्षात ठेवावं. गळती झाली तर तो जमिनीशी साचतो, म्हणून टाक्यांच्या कपाटाला तळाशी बाहेर उघडणारं छिद्र असतं. थंडी येते म्हणून ते बोळा घालून बंद केलेलं मी दुरुस्तीला आलेल्या गाड्यांमध्ये बघितलंय आणि दर वेळी अंगावर काटा आलाय. ते छिद्र आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म या दोन गोष्टींत मी तडजोड करत नाही. ग्राहक नको म्हणाला तरी अलार्म लावूनच गाडी देतो.

जुनी गाडी घेणाऱ्यांबरोबर आता आम्ही बघायलाही जातो. इंजिन मेकॅनिक बघतो, मी कोपरे बघतो. खिडक्यांखाली, टपाच्या कडांना, पलंगाखालच्या कपाटात आतल्या भिंतीवर अंगठा दाबायचा. भिंत मऊ लागली, कागद फुगलेला दिसला, कुबट वास आला, की पाणी आत मुरलंय आणि मागचं लाकूड गेलंय. एकदा एका गाडीत नवा वॉलपेपर फक्त एकाच कोपऱ्यात लावलेला होता. मी अंगठा टेकवला आणि तो पहिल्या पेरापर्यंत आत गेला. आणि टायर. गाडी कमी फिरलेली असते म्हणून नक्षी नव्यासारखी दिसते, पण रबर वयाने मरतं. टायरच्या कडेवर चार आकडे असतात. 2314 असेल तर तो 2014 च्या 23 व्या आठवड्यात बनलाय. असा टायर कितीही चांगला दिसू दे, तो बदलायचाच.

या क्षेत्रातली एक जुनी गोष्ट मला फार आवडते. 1931 साली जर्मनीत चाबूक आणि स्कीच्या काठ्या बनवणाऱ्या घरातल्या आरिस्ट डेथलेफ्स यांना कामासाठी सतत फिरावं लागायचं. त्यांच्या वाग्दत्त वधू फ्रिडेल चित्रकार होत्या. दोघांना बरोबर प्रवास करता यावा आणि त्यांना वाटेत चित्रंही काढता यावीत, म्हणून डेथलेफ्सनी मोटारीमागे जोडायचं घर बनवलं. जर्मनीतली ती सुरुवातीची कॅरॅव्हॅन. दोन माणसं, त्यांचं काम, त्यांची गरज आधी होती आणि गाडी नंतर आली. आमच्या वहीतले तीन प्रश्न मला तिथलेच वाटतात.

त्या वहीमुळे आमची काही कामं गेलीही. वर्षातून सहा-सात रात्री बाहेर पडणाऱ्याला आम्ही सरळ सांगतो, विकत घेऊ नका, भाड्याने घ्या. आणि ज्याला घ्यायचीच आहे त्यालाही आधी भाड्याच्या गाडीतून चार रात्री राहून या म्हणतो, त्यातली एक रात्र पावसाची निघाली तर उत्तमच. परत येतात तेव्हा त्यांचे प्रश्न बदललेले असतात. ओले बूट कुठे ठेवायचे, टॉयलेटची कॅसेट, म्हणजे खालची काढता येणारी मैल्याची टाकी, दोघांत दोन-तीन दिवसांतच भरते तर ती रिकामी कुठे करायची, एक जण झोपला असताना दुसऱ्याने वाचायचं कुठे, असं विचारतात. असे प्रश्न घेऊन आलेल्या माणसाची गाडी चुकत नाही.

गेल्या महिन्यात एक काका-काकू आले. निवृत्त झालेत, वर्षाचे चार महिने फिरायचं म्हणतात. काकांना ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या पलंगाचं मोठं मोटरहोम हवं होतं. आमच्याकडे आता वर्कशॉपच्या फरशीवर खडूने गाडीचा आराखडा खऱ्या मापात काढायची पद्धत आहे. भिंती, दार, ओटा, पलंग, सगळं. भावाने घडवंची ठेवून वरच्या पलंगाची उंची दाखवली आणि शिडी लावली. काकू चढल्या, पण उतरताना गुडघ्याशी थांबल्या. काका काही बोलले नाहीत. मग आम्ही ते पुसून व्हॅनचा आराखडा काढला, मागे आडवा पलंग. दोघं फरशीवर सतरंजीवर आडवे झाले, काकू आतल्या बाजूला. बायकोने विचारलं, "काकू, रात्री किती वेळा उठता?" काकू हसल्या, म्हणाल्या, "दोनदा तरी." आणि उठून दाखवायला गेल्या तर काकांना ओलांडून जावं लागलं.

काका उठून बसले. खडू मागून घेतला आणि आडव्या पलंगाची रेघ स्वतःच पुसून गाडीच्या लांबीला समांतर दोन पलंग काढले, मधे एक माणूस चालेल एवढी वाट सोडून. मग विचारलं, "यात बसतं का तुमचं वजन?"

भाऊ हिशेबाला बसलाय. सोमवारी रिकामी गाडी काट्यावर न्यायची आहे.