बंद पडत नाही ना?

इटालियन स्पोर्ट्स बाईक दिसली की लोक आधी तोंडभर कौतुक करतात आणि मग आवाज जरा खाली आणून विचारतात, ‘पण बंद पडत नाही ना?’ विचारण्यात काळजी असते, आणि ‘पडते हो’ हे ऐकायची थोडी हौसही असते.

माझ्या गाडीला ड्राय क्लच आहे. तेलात बुडालेल्या क्लचच्या प्लेटा गप्प असतात, या कोरड्या. न्यूट्रलमध्ये लिव्हर दाबला की खळखळाट सुरू. सिग्नलला शेजारी थांबलेला माणूस हेल्मेटची काच वर करून हमखास सांगतो, ‘काहीतरी सुटलंय बघा.’ सुटलेलं काही नसतं. हा खळखळाट तब्येत उत्तम असल्याचा आहे. खरं दुखणं असतं तेव्हा अशी गाडी चकार शब्द काढत नाही.

टायमिंग बेल्टचंच घ्या. डुकाटी या इटालियन कंपनीच्या अनेक जुन्या ट्विन, म्हणजे दोन सिलिंडरच्या, इंजिनांत कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह, म्हणजे झडपा, उघडणारा दांडा) फिरवायला दातेरी रबरी बेल्ट असतात. गाडी वर्षभर जागची हलली नाही तरी ते म्हातारे होतच असतात, एकाच जागी वाकून बसलेले. दिसायला मात्र नवेकोरे. तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात आणि इंजिनचं हेड उघडून बसायची वेळ येते. म्हणून मीटर काहीही दाखवो, ठरलेली वर्षं भरली की बेल्ट बदलायचा. ‘फारशी चालवलेलीच नाही’ असं कुणी गाडी विकताना अभिमानाने सांगितलं, तर मला घाम फुटतो.

आणि डेस्मो, व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याची डुकाटीची खास पद्धत. फाबिओ ताल्योनी या डुकाटीच्या इंजिनिअरने 1956 मध्ये 125 सीसीच्या रेसिंग बाईकवर हे प्रकरण आणलं. एरवी व्हॉल्व्ह कॅम उघडतो आणि स्प्रिंग मिटते. त्या काळच्या स्प्रिंगांना फार वरचे आरपीएम झेपत नसत, म्हणून ताल्योनींनी मिटायचं कामही कॅमच्याच गळ्यात घातलं. कल्पना झकास, पण प्रत्येक व्हॉल्व्हला मोजून ठेवायच्या बारीक फटीचे दोन गॅप आले, एक उघडण्याचा आणि एक मिटण्याचा. दोन सिलिंडर, आठ व्हॉल्व्ह, म्हणजे सोळा मापं. मेकॅनिक गॅप मोजायच्या फीलर गेजचं पातं सरकवतो, मान हलवतो, शिम (गॅप जुळवणारा छोटा तुकडा) काढतो, दुसरा बसवतो, पुन्हा पातं सरकवतो. तिथे उभं राहून ‘किती वेळ लागेल?’ विचारू नये. बिलातला मोठा आकडा या वेळेचाच असतो, सामान त्या मानाने किरकोळ.

2020 मध्ये मल्टिस्ट्राडा या डुकाटीच्या लांब पल्ल्याच्या बाईकसाठी व्ही फोर ग्रँटुरिस्मो इंजिन आलं, त्यात डेस्मो नाही, साध्या स्प्रिंगाच. व्हॉल्व्हचा गॅप तपासायचा तो थेट 60,000 किलोमीटरला. शहाण्यासारखा निर्णय आहे, लांब पल्ल्याला जाणाऱ्याला आणखी काय हवं? तरी मला थोडं चुटपुटल्यासारखं झालंच. सोळा मापांची कटकट करणाराच गाडीच्या प्रेमात जास्त असतो बहुतेक.

आता गंमत अशी की रस्त्यात उभं करणारं हे भारदस्त इंजिन क्वचितच असतं. उभं करतो तो चार्जिंग सांभाळणारा रेग्युलेटर-रेक्टिफायर, तापून तापून कंटाळलेला. नाहीतर स्टँडचा इवलासा स्विच, स्टँड वर असूनही तो खाली आहे असं सांगून इंजिन बंद पाडणारा. नाहीतर कनेक्टर. प्लॅस्टिकची क्लिप दाबून तो ओढला की आत एखादी पिन हिरवी पडलेली दिसते. घासून स्वच्छ केली, परत बसवली, की गाडी काही झालंच नाही अशी सुरू. लोक मात्र दोष त्या इंजिनलाच देतात.

जुनी गाडी घ्यायला निघालेल्याला मी म्हणतो, आधी बेल्ट बदलल्याचं बिल माग, त्यावरची तारीख बघ. बिल नसेल तर तो खर्च किमतीतून वजा कर, आणि मग त्या लाल रंगाकडे बघ. सगळे ‘हो हो’ म्हणतात. हात तोवर टाकीवरून फिरायला लागलेला असतो.