डिपॉझिटवाले काका वेडे होते का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, एरवी मी हा प्रश्न हसण्यावारी नेते. लग्नाची पंगत असो की बँकेतली रांग, मी नगरपालिकेत नोकरीला होते आणि दर निवडणुकीला अर्ज घ्यायच्या टेबलावर बसायचे हे कळलं की गाडी तिथेच येते. "अहो, ते डिपॉझिटवाले काका वेडे होते का हो? आणि तुम्ही लोक त्यांचा अर्ज घ्यायचातच कशाला?"

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. मतदार यादीत नाव आहे, एकवीस वर्षं पूर्ण आहेत, सूचकाची सही आहे, घरपट्टी-पाणीपट्टीची बाकी नाही, अनामत भरली. मग अर्ज घ्यायचा. समोरचा निवडून येईल का, हे बघायचं काम आमच्याकडे नव्हतं. बरं, बाकी नसल्याचा दाखला माझ्याच खात्यातून निघायचा, आणि गावात ज्यांची पट्टी एप्रिलमध्येच भरलेली असे अशा दहा-बारा घरांत काकांचं घर होतं. कितीतरी नगरसेवकांची बाकी अर्जाच्या आदल्या दिवशी भरली जायची, तीही कार्यकर्त्याच्या हातून.

पहिल्या प्रश्नाला जरा वेळ लागेल.

आमचं गाव पुणे जिल्ह्यातलं, तालुक्याचं. काका १९९६, २००१, २००६, २०११ आणि २०१६ अशा पाच निवडणुकांना अपक्ष उभे राहिले. पाचही वेळा डिपॉझिट गुल. चिन्ह कधी कपबशी, कधी शिट्टी, एकदा रोडरोलर. मतांची मजल तीन आकड्यांवर कधी गेली नाही. प्रचार म्हणजे सायकल, हँडलला अडकवलेली पिशवी आणि तिच्यात स्वतः लिहून झेरॉक्स काढलेली पत्रकं. पत्रकावर स्वतःचा फोटो नसायचा. कुठल्या गल्लीतली गटार कुठे तुंबते, बागेसाठी आरक्षित असलेल्या भूखंडावर गाळे कसे झाले, टँकरच्या फेऱ्या कागदावर किती आणि रस्त्यावर किती, हे बारीक अक्षरात. पोरं त्याच्या होड्या करायची. आमच्या ऑफिसातसुद्धा ती पत्रकं चहाच्या कपाखाली असायची, हे कबूल करते.

त्यांचं अनामत भरणं म्हणजे एक सोहळाच असायचा. सगळी रक्कम नाण्यांत. २०१६ ची गोष्ट विसरणं शक्य नाही. पुणे आणि लातूर जिल्ह्यांतल्या पालिकांचं मतदान १४ डिसेंबरला होतं, म्हणजे अर्ज भरायचे दिवस नेमके नोटाबंदीच्या पाठोपाठ आले. बाहेर बँकांपुढे रांगा, आत एकेक मातब्बर उमेदवार कार्यकर्त्यांना विचारतोय, शंभराच्या किती आहेत रे तुझ्याकडे? आणि काका आले ते दोन कापडी पिशव्या घेऊन. टेबलावर हजार रुपये ओतले, सगळे एक रुपयाचे. आमचा शिपाई पुटपुटला, "मॅडम, नाही म्हणा." काकांनी ऐकलं. म्हणाले, "२०११ चा नाण्यांचा कायदा बघा, ताई. रुपयाची नाणी हजार रुपयांपर्यंत नाकारता येत नाहीत. हजाराच्या वर एक रुपया दिला तर नाही म्हणा."

मी मोजायला बसले. दहा-दहाच्या चळती, दहा चळतींची एक ओळ. मागे लोक खोळंबलेले, तीनला खिडकी बंद. नऊशे नव्व्याण्णव भरले. पुन्हा मोजले, तेवढेच. मी मान वर केली तेव्हा काकांनी शर्टाच्या वरच्या खिशातून एक रुपया काढला आणि शेवटच्या चळतीवर ठेवला. तो त्यांनी मुद्दाम राखून ठेवला होता, असा माझा आजही संशय आहे. त्या दोन मोजण्यांच्या दरम्यान ते समोरच्या बाकावर बसून सूचना फलकावर डकवलेली बाकी उमेदवारांची शपथपत्रं वाचत होते. वहीत लिहून घेत होते. कुणाकडे किती जमीन, कुणावर किती कर्ज, कुणाचं बांधकाम कुठल्या सर्व्हे नंबरात.

मला उलगडा झाला तो तिथे, वीस वर्षांनी. माहितीच्या अधिकारात अर्ज केला तर तीस दिवस थांबायचं, मग अपील, मग पुन्हा तारीख. उमेदवार झालं की मात्र दारं उघडतात. छाननीच्या खोलीत बाहेरच्या माणसाला बसू देत नाहीत, उमेदवाराला द्यावंच लागतं. दुसऱ्याच्या अर्जावर हरकत घेता येते आणि निवडणूक अधिकाऱ्याला ती ऐकून त्यावर लेखी निर्णय द्यावा लागतो. मतमोजणीला टेबलाशी उभं राहता येतं. मतदार यादी हातात येते, तीत मेलेली माणसं शोधता येतात. पाच वर्षं ज्या मुख्याधिकाऱ्यांच्या केबिनबाहेर काका स्टुलावर बसायचे, त्यांच्या समोरच्या खुर्चीवर ते निवडणुकीचे ते पंधरा-वीस दिवस हक्काने बसत. हजार रुपयांत ती खुर्ची महाग नव्हती.

पण मी त्यांची आरती ओवाळते आहे असं समजू नका. २००६ ची छाननी मला अजून टोचते. एका प्रभागात महिला राखीव जागा होती आणि एक तिशीतली बाई उभी राहणार होती. शिवणकाम करणारी, बचत गटात काम केलेली, बोलायला नीट. निवडून आली असती असं सगळे म्हणत होते. काका उठले आणि त्यांनी हरकत घेतली. आपल्याकडे १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं अपत्य झालं असेल तर स्थानिक निवडणूक लढवता येत नाही. त्यांनी जन्माचा दाखला जोडला होता, आमच्याच पालिकेच्या नोंदवहीतला. अर्ज बाद. ती बाई जिन्यात बसून रडली. तिसरं मूल तिला हवं होतं की नको, हे तिला घरात कुणी विचारलं असेल असं मला वाटत नाही. मी काकांना बाहेर गाठून म्हटलं, "काका, हिचाच अर्ज सापडला का तुम्हाला?" ते म्हणाले, "ताई, कायदा मी केला नाही."

खरं होतं. तरी पुढे वर्षभर मी त्यांच्याशी धड बोलले नाही.

गावात लगेच बोभाटा झाला की विरुद्ध गटाने काकांना पैसे चारले. अर्धं गाव आजही तेच मानतं. कुणी ब्लॅकमेलर म्हणतं, कुणी विघ्नसंतोषी. मला विचाराल तर पैसे घेतले नसावेत, कारण २०११ ला त्यांनी त्याच गटाच्या पुढाऱ्याचं अनधिकृत बांधकाम बाहेर काढलं, आणि तेव्हा अर्थातच दुसऱ्या गटाने पैसे चारले होते! वाद त्यांच्या पाठीमागे असा दर पाच वर्षांनी फिरून यायचा.

हा नमुना फक्त आमच्याच गावात होता असंही नाही. पुण्यातल्या शिवाजीनगर भागातल्यांना विजयप्रकाश कोंडेकर आठवत असतील, चाकांच्या लोखंडी गाड्यावर फलक लावून तो ओढत रस्त्याने चालणारे, 'बूट' या चिन्हाला मत मागणारे. वीज मंडळात नोकरी केलेला माणूस. २०१९ मध्ये त्र्याहत्तराव्या वर्षी लोकसभेला उभे होते आणि तोवर पालिकेपासून संसदेपर्यंत चोवीसहून जास्त निवडणुका हरले होते. पंतप्रधान झालो तर प्रत्येक नागरिकाला सतरा हजार रुपये देईन, हे त्यांचं आश्वासन. तेव्हा लोक हसले. आता बहिणी लाडक्या झाल्यापासून मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. बरेलीचे कापड व्यापारी काका जोगिंदरसिंग, ज्यांना सगळा देश 'धरतीपकड' म्हणायचा, ते तीनशेवर निवडणुका हरले आणि १९९२ च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत मतमूल्य धरून १,१३५ मतं घेऊन आले. तमिळनाडूत मेट्टूरला टायरचं दुकान चालवणारे पद्मराजन १९८८ पासून उभे राहताहेत, दोनशेच्या वर वेळा. नरसिंह राव, वाजपेयी, कुणासमोरही. त्यांची सर्वांत मोठी कमाई २०११ ची, ६,२७३ मतं. आणि आपले साताऱ्याचे अभिजित बिचुकले तर टीव्हीमुळे घरोघरी पोचले, तरी २०२३ च्या पुण्यातल्या कसब्याच्या पोटनिवडणुकीत त्यांना ४७ मतं पडली. त्याच निवडणुकीत रवींद्र धंगेकर आमदार झाले, जे २००९ आणि २०१४ ला त्याच कसब्यात पडले होते. दोनदा पडलेल्याला आपण जिद्दी म्हणतो आणि पाचदा पडलेल्याला वेडा. नेमकं कितव्या वेळी हे बदलतं, ते मला कुणी सांगावं.

"मग सरकार यांना आवर का घालत नाही?" हाही एक प्रश्न असतोच. अहो, घातला की. १९९६ च्या लोकसभेला बेळगावात ४५६ उमेदवार होते. तो सीमाभागातल्या मराठी माणसांचा निषेध होता, एकगठ्ठा अर्ज भरून केलेला. आंध्रातल्या नलगोंड्यात ४८० होते, तमिळनाडूतल्या मोडाकुरिची विधानसभेला तर १,०३३, तिथली मतपत्रिका पुस्तकासारखी छापावी लागली. देशभरात लोकसभेला १३,९५२ उमेदवार उभे होते. मग कायदा बदलला. लोकसभेची अनामत पाचशेवरून दहा हजार झाली, अपक्षाला एकाऐवजी दहा सूचक लागू लागले, आणि १९९८ ला उमेदवार उरले ४,७५०. पुढे २०१० पासून अनामत पंचवीस हजारांवर गेली. खुल्या वर्गासाठी हं, अनुसूचित जाती-जमातींना निम्मी. हौसे-नवसे गळाले हे खरं, पण त्यांच्याबरोबर बेळगावची तऱ्हाही आटली. तेवढे पैसे भरून निषेध किती जण करणार?

आणि गंमत बघा, निकाल ज्यांच्यामुळे फिरतो ते हे लोक नव्हेतच. २०१४ ला रायगडमध्ये सुनील तटकरे २,११० मतांनी पडले, आणि त्याच यादीत सुनील तटकरे याच नावाच्या एका अपक्षाला ९,८४९ मतं मिळाली होती. २०२४ ला साताऱ्यात उदयनराजे ३२,७७१ मतांनी आले. समोर शरद पवार गटाचं 'तुतारी वाजवणारा माणूस' हे चिन्ह होतं, आणि 'ट्रम्पेट' चिन्हाच्या एका अपक्षाने ३७,०६२ मतं घेतली. ट्रम्पेटचं मराठी नाव यादीत 'तुतारी'च छापलेलं. आता नावात नाव असणं हा गुन्हा नाही, चिन्हही आयोगच देतो. पण माझ्या टेबलावरही असे एकनामी अर्ज आलेले आहेत. बरोबर दोन माणसं येतात, अर्जदार बोलत नाही, पैसे दुसराच मोजतो, करकरीत नोटा. पुढच्या निवडणुकीला तो माणूस दिसत नाही. त्याला गावाने कधी वेडा म्हटलं नाही.

मी २०१९ ला निवृत्त झाले. पालिकेची मुदत संपली, आणि मग आरक्षणाच्या कोर्टकचेरीत निवडणुकाच अडकल्या. चार वर्षं प्रशासक. सगळ्या माजी नगरसेवकांनी आपापले धंदे सांभाळले, आमदारकीच्या प्रचारात मिरवले. हाल झाले ते काकांचे. मध्ये एकदा भाजी मंडईत भेटले, गुडघ्याला पट्टा. "ताई, हरायलासुद्धा निवडणूक लागते," म्हणाले आणि स्वतःच हसले.

शेवटी २ डिसेंबर २०२५ ला मतदान ठरलं. काकांच्या प्रभागात आरक्षणामुळे त्यांना जागाच उरली नाही, तेव्हा ते आमच्या प्रभागात उभे राहिले. वय अठ्ठ्याहत्तर. एका सकाळी बेल वाजली. दारात काका, बरोबर नातू, कारण सायकल आता झेपत नाही. पत्रक दिलं. आमच्याच कोपऱ्यावरचं चेंबर, झाकण कधी बसवलं, किती दिवसांत फुटलं, बिल किती निघालं, सगळं होतं. मी रोज त्याला वळसा घालून दूध आणते.

पाणी दिलं, बसवलं. मी विचारलं, "काका, या वेळी कोण होतं मोजायला? नाणी नेली होती ना?"

"कुठली नाणी, ताई," ते म्हणाले. "सहा महिने जमवत होतो. किराणावाला, चहावाला, रिक्षावाला, कुणाकडे सुटे म्हणून नाहीत. सगळे मेले स्कॅन करतात. बँकेत गेलो तर तिथली मुलगी म्हणाली, आजोबा, तुम्हाला हवेत कशाला? शेवटी दोन पाचशेच्या नोटा दिल्या. तुमच्या जागेवर आता एक नवीन पोरगी बसते. तिने बघितल्या, ठेवल्या, पावती फाडली."

पाण्याचा पेला खाली ठेवून ते उठले.

"शपथपत्रं वाचायला वेळच मिळाला नाही."