बारावीला कापड

माझी लेक इथे सिडनीत बारावीला आहे. गणित, इंग्रजीबरोबर तिने ‘टेक्स्टाइल्स अँड डिझाइन’ घेतलंय हे अमळनेरला कळलं, तेव्हा नणंदबाईंचा पहिला प्रश्न आला, “बारावीले शिवनकाम?” आणि लगेच दुसरा, “त्याना मार्क धरतस का?”

धरतात. सिडनी ज्या राज्यात आहे त्या न्यू साउथ वेल्समध्येही बारावीच्या परीक्षेला एचएससीच म्हणतात, आणि विद्यापीठ प्रवेशासाठी जो ‘एटार’ नावाचा क्रमांक निघतो त्यात हा विषय मोजला जातो. स्केलिंगमध्ये, म्हणजे वेगवेगळ्या विषयांचे गुण एका मापात आणताना, वरच्या गणिताइतका भाव त्याला मिळत नाही, हेही खरं. ५० गुणांचा लेखी पेपर आणि ५० गुणांचा मोठा प्रकल्प. प्रकल्पात कपडे, घरसजावट, नाटक-नृत्याचे पोशाख, वस्त्रकला किंवा पिशव्यांसारख्या इतर वस्तू यांतलं एक क्षेत्र निवडायचं. नुसती वस्तू शिवून भागत नाही. कल्पना कुठून सुचली, हेच कापड का, हीच शिवण का, हे सगळं चाचण्यांसकट कागदावर मांडावं लागतं.

लेकीने घरसजावट घेतली आणि आजीच्या जुन्या पातळांचा पलंगपोस करायला घेतला, गोधडीसारखा, थरावर थर आणि वरून हाताचा धावदोरा. पातळं अमळनेरहून आली. आता प्रत्येकाचा तंतू कोणता, हे सिद्ध करायचं होतं. वर्गात चिमट्यात धागा धरून जाळून बघतात. सुती धागा कागदासारखा भरभर जळतो, वासही कागदाचाच, आणि मागे मऊ राखाडी राख उरते. लोकरीला केस जळल्याचा वास येतो. पॉलिस्टर मात्र आकसतं, वितळतं आणि काळा टणक मणी होऊन बसतं. निळ्या पातळाचा धागा जळताना आधी कागदाचा वास आला, मग बोटाला चुरडेना असा खडा लागला. लेकीने पानभर निष्कर्ष लिहून तो फोटो आजीला पाठवला. आजींचं उत्तर एका ओळीत: “टेरीकॉट शे ते. माले इचारी लेवानं ना!” टेरीकॉट म्हणजे सुती आणि पॉलिस्टरची मिसळ.

बाई, हे पोरीने प्रकल्पात ‘प्राथमिक स्रोत’ म्हणून घातलंय.

मला स्वतःला ओढ लागली ती अभ्यासक्रमातल्या वस्त्रोद्योगाच्या भागाची. तो वाचूनच आम्ही सुटीत नॅराब्राय या कापसाच्या मुलखाकडे गाडी काढली. सिडनीपासून ५०० किलोमीटरच्या वर. तिथली माती बघून ह्यांनी गाडीच थांबवली. काळी, भेगाळलेली, ओली झाली की चपलेला लोंबणारी, अगदी तापीकाठची. वर पांढरं फुटलेलं कापसाचं रान, पण वेचणीला एक बाई नाही. एकच अजस्र यंत्र कापूस ओढत जातं आणि मागून पिवळ्या प्लॅस्टिकात गुंडाळलेले गोल गठ्ठे टाकतं. जिनिंगनंतरची, म्हणजे सरकी काढल्यावरची, इथली गाठ २२७ किलोची, आपली १७० किलोची.

आणि एवढं पिकवून हा देश जवळपास सगळा कापूस गाठींतच बाहेर पाठवतो. सूत दुसरीकडे, कापड दुसरीकडे, आणि शर्ट परत इथल्या दुकानात. असं का, हा लेकीच्या पेपरातला प्रश्न. मला जळगाव आठवलं. खानदेश मिलच्या जागेवर आता मॉल उभा आहे आणि आपल्या जिनिंगमधल्या गाठी ट्रकने गुजरात-तामिळनाडूच्या वाटेला लागतात. शाळेत आम्हाला कपाशीचं पीक कोणत्या जमिनीत येतं हे शिकवलं. बोंड फुटल्यावर पुढे पैसा कोणाच्या हाती पडतो, हे कुणी विचारलं नाही.

परवा नणंदबाईंच्या धाकटीने हळूच मेसेज केला, “मामी, आपल्याकडे हे कुठे शिकता येईल?” ती दहावीला आहे. तिला कळवलं, शिरपूरला टेक्स्टाइलचं इंजिनीअरिंग आहे, पण त्यासाठी अकरावीला सायन्स घे आणि गणित सोडू नकोस. आईला मी समजावते.